चाकाचे नट कोणी तपासायचे?

वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर इतिहास, काव्य, अध्यात्म हे विषय शोभतात. नटबोल्ट शोभतात की नाही, याबद्दल आमच्या मनात शंका होती. परंतु विचार करता असे दिसले, की दिवाळीपासून पाडव्यापर्यंत आपल्या जिल्ह्यात असा एकही नागरिक नसेल, ज्याच्या अंगावरून उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर गेलेला नाही. बावड्याचा रस्ता असो, शिरोळकडचा असो की राधानगरीचा असो, तो ट्रॅक्टर ओलांडताना आपण वर पाहतो. उसाची मोळी डोक्यावर पडेल की काय, ही आपली भीती. खाली कोणी पाहत नाही. खाली, चिखलाने माखलेल्या प्रत्येक चाकाच्या मध्यावर सहा किंवा आठ नट असतात, आणि वरचा सगळा डोलारा त्यांच्या भरवशावर चाललेला असतो. त्या नटांची ही हकीगत आहे.

आमचे शिक्षण इयत्ता आठवीपर्यंत झाले. पुढचे जे काही झाले, ते उद्यमनगरातल्या एका लहानशा गॅरेजात आणि करवीर नगर वाचन मंदिराच्या बाकावर. तेव्हा यंत्रशास्त्रातल्या पंडितांनी आमच्या बोलण्यात उणे काढले, तर आम्ही ते आनंदाने ऐकून घेऊ. पण हातात पाना धरून आणि नंतर कामगारांची बाजू मांडून जे कळले, ते सांगण्याचा अधिकार आम्हाला आहे असे वाटते.

प्रथम ही ट्रॉली काय वस्तू आहे ते पाहू. कारखान्याच्या दृष्टीने ती ऊस वाहण्याचे साधन आहे. पण बीड, जालना, परभणीकडून दर वर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास जी हजारो कुटुंबे ऊसतोडीला निघतात, त्यांच्यासाठी ती काही दिवस घरच असते. बीडपासून कोल्हापूर तीनशे किलोमीटरांहून अधिक आहे. त्या ट्रॉलीत नवरा, बायको, पोरे, म्हातारी, पत्र्याची पेटी, पिठाचा डबा, चूल, कोंबड्या आणि शेळी असे सगळे बसून येते. इथे आल्यावर कोपी उभी राहीपर्यंत मुक्कामही कित्येकदा तिच्याच सावलीला. युरोप-अमेरिकेत हौसेने फिरणारे लोक मोटारीमागे चाकावरचे घर जोडून नेतात आणि त्याच्या तपासणीची पुस्तके वाचतात. आमच्याकडचे चाकावरचे घर हौसेचे नाही, आणि त्याचे पुस्तक कोणी छापलेले नाही. मालाच्या गाडीत माणसे बसवणे चूकच आहे; ती बसमधून यावीत हे आमचे म्हणणे कायम आहे. पण ती आज ट्रॉलीतून येतात, हेही तितकेच खरे.

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती आम्हाला भूषणावह नाही.

१९८८ साली आम्ही सतरा वर्षांचे होतो आणि गॅरेजात हेल्पर होतो. खंडेनवमीच्या आधी ट्रॉल्या रंगाला येत. मालकाची इच्छा अशी, की पूजेच्या दिवशी गाडी नवरीसारखी दिसावी. आम्ही एका ट्रॉलीची चारही चाके काढली, रिमा लाल रंगाने चांगल्या जाड रंगवल्या, आतून-बाहेरून; हब रंगवला; रंग पुरता वाळायच्या आत चाके चढवली आणि पान्याला पाइप लावून नट असे आवळले, की वरून दोघे लोंबकळले तरी हलू नयेत. आमचे मिस्त्री म्हणाले, "पयल्या खेपंनंतर नट परत आवळा म्हणावं डायव्हरला. इसरू नगंस." आम्ही विसरलो नाही, सांगायचे टाळले. ड्रायव्हर वयाने मोठा, घाईत होता, आणि 'तुझं काम तू नीट केलं नाहीस व्हय?' असे त्याने म्हटले तर काय, ही लाज वाटली.

ती ट्रॉली टोळी आणायला गेली. जाताना रिकामी होती. येताना तिच्यात माणसे होती. वाटेत डाव्या बाजूचे मागचे चाक निखळले. वेग फार नव्हता, म्हणून जीव वाचले. पण ट्रॉली कलली, पेटी घसरली आणि एका बाईच्या गुडघ्यावर आली. पुढे हंगामात आम्ही त्या टोळीच्या कोप्या शोधत गेलो. ती बाई काठी घेऊन बसली होती. नवऱ्याच्या जोडीला तिच्याऐवजी तिची बारा वर्षांची मुलगी फडात जात होती, कारण उचल जोडीच्या नावावर घेतलेली होती. आम्ही गॅरेजातले आहोत हे कळल्यावर तिने एवढेच विचारले, "दादा, चाक निघायच्या आधी काही कळतंय का हो?" आम्ही म्हटले, "कळतं." ती म्हणाली, "मग कुणीच कसं बघितलं नाही?"

या प्रश्नाचे दोन भाग आहेत. आधी काय कळते, हा यंत्राचा प्रश्न. आणि कोणी पाहायचे, हा माणसांचा. पहिला आधी घेऊ.

पुष्कळांची समजूत अशी असते, की खुंटीवर सदरा अडकवावा तसे चाक बोल्टांवर अडकवलेले असते. तसे असते तर बोल्ट पहिल्याच महिन्यात तुटले असते. खरा प्रकार उसाच्या मोळीसारखा आहे. मोळीला वाढ्यांचा आळा घट्ट बांधला, की आतले ऊस एकमेकांवर दाबले जातात आणि एकही ऊस ओढून निघत नाही. आळा ढिला झाला, तर तो तुटलेला नसूनही ऊस घरंगळतात. चाकाचा नट आवळतो तेव्हा आपण बोल्टाला ताणत असतो. ताणलेला बोल्ट आखडू पाहतो, आणि त्या ओढीने रिम हबावर दाबून धरली जाते. चाकाला धरून ठेवते ते हे दाबातून आलेले घर्षण.

हा दाब केवढा असतो? अर्ध्या मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला चाळीस किलोचा जोर दिला असे धरा. त्या जोरातला बहुतेक भाग, शंभरातला नव्वदच्या आसपास, आट्यांच्या आणि नटाच्या बुडाच्या घर्षणात खर्च होतो. तरीही सोळा मिलिमीटर जाडीच्या एका बोल्टावर जवळजवळ सहा टनांची ओढ येते. असे सहा नट म्हणजे छत्तीस टन. दहा टन ऊस भरलेल्या ट्रॉलीच्या एका चाकावर अडीच-तीन टन भार येतो. तो या दाबाला सहज पेलतो.

पण यातच मेख आहे. सहा टनांनी ओढलेला हा बोल्ट लांबतो किती? साधारण केसाच्या जाडीइतका. सगळी ताकद त्या केसभर ताणात साठवलेली आहे. आता आमच्या लाल रंगाचा विचार करा. दोन-तीन हात दिलेला रंग केसाच्या जाडीहून कमी नसतो, बहुधा जास्तच असतो. चाक फिरू लागले, तापले, हादरे बसले, की तो रंग चेपतो आणि भुगा होऊन निघून जातो. तेवढी जागा मोकळी झाली, की केसभर ताण संपला आणि छत्तीस टन संपले. नट एक आटाही फिरलेला नसतो. तो जागच्या जागी असतो आणि तरीही ढिला झालेला असतो. गंज, चिखल, उडालेली पोपडी यांचेही असेच. म्हणून नियम असा, की रिम आणि हब जिथे एकमेकांना टेकतात तिथे उघडे, स्वच्छ लोखंड पाहिजे. आणि चाक चढवल्यावर पन्नास ते शंभर किलोमीटरांच्या आत नट पुन्हा आवळलेच पाहिजेत. मिस्त्रींच्या "पयल्या खेपंनंतर" या दोन शब्दांत हे सगळे शास्त्र होते.

दाब गेला, की चाक हबावर किंचित सरकू लागते. मग बोल्ट प्रत्येक फेऱ्याला थोडा वाकतो आणि सरळ होतो. तार हाताने पुन्हापुन्हा वाकवली की तुटते, हे लहान मुलालाही ठाऊक आहे. पोलादाचेही तेच होते, हे जगाला फार मोठी किंमत देऊन कळले. ८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला येणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा आस मोडला, डब्यांना आग लागली आणि पन्नासाहून अधिक माणसे दगावली. पुढे जर्मनीत ऑगस्ट व्होलर या रेल्वेतल्या अभियंत्याने १८५० आणि १८६० च्या दशकांत आसांवर वर्षानुवर्षे प्रयोग केले आणि दाखवून दिले, की एका दमात मोडायला जेवढा भार लागतो, त्याहून कितीतरी कमी भार वारंवार आला तरी धातू थकतो आणि तुटतो. माणूस थकतो हे गिरणीमालकांना पटवायला कामगारांना याहून जास्त काळ लागला. पण तो विषय वेगळा.

मग पाइप लावून जास्त आवळले तर? तेही वाईट. दीड मीटर पाइपाच्या टोकाला एक धट्टाकट्टा माणूस लोंबकळला, तर त्या सोळा मिलिमीटरच्या बोल्टाला मोडायला पुरून उरेल इतकी ओढ येऊ शकते. बोल्ट तिथल्या तिथे तुटला तर नशीब. तो आतून ताणून निकामी होतो आणि वरून साजरा दिसतो, हा खरा धोका. आट्यांना ग्रीस चोपडण्याने असेच होते: घर्षण कमी होते आणि त्याच जोराला सहाऐवजी आठ टन ओढ येते. म्हणून गाडी बनवणाऱ्याने जो आकडा दिला असेल त्या आकड्याला, मोजून आवळणे हेच खरे. त्यासाठी आकडा दाखवणारा टॉर्क पाना मिळतो. तो प्रत्येक ड्रायव्हरने घ्यावा असे आम्ही म्हणत नाही. पण प्रत्येक कारखान्याच्या गाडीतळावर एक असावा, एवढे म्हणणे काही फार नाही.

नट आवळण्याचा क्रमही असतो. एक आवळला की त्याच्या समोरचा, मग तिसरा आणि त्याच्या समोरचा. शेजारीशेजारी आवळत गेले तर रिम तिरकी बसते. शिवाय जुन्या काही गाड्यांत डाव्या चाकांना उलटे आटे असतात. सायकलच्या डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, हे दुकानदार जाणतोच. तोच हा विचार. सुलटे आटे असलेला नट ढिला पडला, तर डावे चाक पुढे फिरताना त्याला उलगडण्याच्या दिशेने ढकलते. आमचे निखळलेले चाक डावेच होते.

चाकाच्या वर पाटे असतात. ट्रॉलीचा भार पाट्यांवर आणि पाट्यांचा आसावर. पाट्यांची चवड आसाला यू बोल्टांनी जखडलेली असते आणि चवडीच्या पोटातून एक सेंटर बोल्ट जातो. हा सेंटर बोल्ट फक्त जागा दाखवायला आहे. भार पेलायचे काम यू बोल्टांच्या दाबाचे. यू बोल्ट ढिले झाले, की पाटे मधोमध वाकू लागतात आणि बरोबर सेंटर बोल्टाच्या भोकाशी मोडतात. नाहीतर सेंटर बोल्ट कातरला जातो आणि आस एका बाजूला सरकतो. मग ट्रॉली तिरकी चालते आणि टायर एका अंगाने झिजतात. टायरवाल्याला दोष देण्याआधी यू बोल्ट पाहावेत. ते आवळायचे ते गाडी जमिनीवर उभी असताना, पाट्यांवर भार असताना. आणि एकदा काढलेले ताणलेले यू बोल्ट पुन्हा वापरू नयेत. पाट्याच्या टोकाला शॅकल असते. तिथे उलट सांभाळावे लागते: शॅकल झुलली पाहिजे, म्हणून तिचा बोल्ट आंधळेपणाने करकचून आवळू नये, मात्र पिन आणि बुश झिजून भोक अंडाकार झाले असेल, तर ते बदलावेच.

आता, आधी काय कळते? पुष्कळ कळते, आणि त्यातले बरेचसे नुसत्या डोळ्यांना कळते. नटाच्या बुडाशी गंजाची तांबूस रेघ ओघळलेली दिसली, की आत हालचाल आहे असे समजावे. नटाभोवती घासून चकचकीत झालेले कडे दिसले, की तेच. पाट्यांमधून यू बोल्टाशी गंजाची भुकटी गळत असली, की तेच. रिमेच्या भोकापासून चीर निघाली असेल किंवा भोक लांबट झाले असेल, तर ती रिम भंगारात. वेल्डिंग करून पुन्हा चढवणे म्हणजे स्वतःला फसवणे. हातोडीने नटावर हलके ठोकले तर घट्ट नट खणखणतो आणि ढिला बदबदतो. रेल्वे स्थानकात चाकांवर हातोडी मारत जाणारा कामगार जुन्या लोकांना आठवत असेल. पण या आवाजावर पूर्ण विसंबू नये. शेवटचा शब्द पान्याचा.

सगळ्यांत स्वस्त उपाय रंगाचाच आहे, पण योग्य जागी. नट मोजून आवळल्यावर नटावरून रिमेवर उतरणारी एक पांढरी रेघ ओढावी. नट फिरला की रेघ तुटते, आणि दहा पावलांवरून दिसते. इंग्लंडात ट्रकच्या नटांवर पिवळे-नारिंगी बाणासारखे तुकडे बसवलेले असतात, ते याच कामाचे. मात्र रेघ जुळलेली आहे म्हणून दाब आहेच असे नव्हे, हे रंगाच्या गोष्टीने आपल्याला शिकवलेच आहे. रेघ पाहणाऱ्याचा सोबती आहे, पाहणाऱ्याची जागा घेणारा नव्हे.

आठवड्यातून एकदा, ट्रॉली रिकामी असताना, चाकांना उटी लावून एकेक चाक जॅकवर उचलावे आणि वरखाली हलवून पाहावे. खडखडले तर बेअरिंग सैल आहे. टोपी काढून आतला नट आणि त्याची स्प्लिट पिन पाहावी. ट्रॅक्टरला जोडणारी पिन, तिची कडी आणि साखळी पाहावी. आणि एक गोष्ट कायम ध्यानात ठेवावी: जो नट पुन्हापुन्हा ढिला होतो, तो नुसता पुन्हापुन्हा आवळू नये, कारण शोधावे. ज्या चाकाने ढिल्या नटांवर वाट चालली आहे, त्याचे सगळे स्टड थकलेले आहेत असे धरून ते बदलावेत.

या सगळ्याला वेळ किती लागतो? रोजच्या पाहणीला एका ट्रॉलीमागे दहा-पंधरा मिनिटे. मग ती का होत नाही? इथे त्या बाईच्या प्रश्नाचा दुसरा भाग येतो.

ड्रायव्हरला विचारले तर तो म्हणतो, "मालकानं बघायला पायजे." मालक म्हणतो, "ड्रायव्हर कशाला ठेवलाय?" मुकादम म्हणतो, "माझा संबंध टोळीशी." कारखाना म्हणतो, "वाहतूक कंत्राटदाराची." कंत्राटदार गॅरेजकडे बोट दाखवतो, आणि गॅरेजातला हेल्पर लाजून गप्प बसलेला असतो. यातला एकही माणूस दुष्ट नाही. परंतु मजुरी खेपेवर आणि टनावर मिळते. नट पाहण्याच्या पंधरा मिनिटांना कोणी पैसा देत नाही. वजनकाट्याच्या रांगेत तासन्‌तास उभे राहिल्यावर गेलेला वेळ भरून काढायचा, तर तो ड्रायव्हर कुठून काढणार? झोपेतून आणि तपासणीतून. ज्या कामाचा मोबदला नाही, ते काम कागदावर राहते. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे असुरक्षित अवस्थेतली गाडी रस्त्यावर आणणे हा गुन्हा आहे. पण कायदा चाक निखळल्यावर येतो. पाना आधी यायला हवा.

म्हणून संघटनेत आल्यापासून आम्ही वाटाघाटीत पगाराच्या आकड्याबरोबर हा मुद्दा मांडत आलो. समोरचे हसत. "नटांसाठी संप करणार काय?" असे एकाने विचारलेही होते. संप केला नाही. पण एका ठिकाणी एवढे मान्य करून घेतले: पहिल्या खेपेनंतर काट्याच्या रांगेत उभी असतानाच गाडी तपासायची, त्यासाठी एक फिटर पान्यासह रांगेवर ठेवायचा, त्याचा पगार ड्रायव्हरच्या माथी मारायचा नाही, आणि ज्याने पाहिले त्याने वहीत आपले नाव लिहायचे. रांगेचा जो वेळ वाया जात होता, तोच कामी आला. वहीत नाव लिहायचे म्हटल्यावर माणूस नीट पाहतो, हाही आमचा अनुभव आहे.

हे शेतकऱ्याच्या, मालकाच्या किंवा कारखान्याच्या विरुद्ध नाही. निखळलेले चाक ऊस वाळवते, रस्ता अडवते आणि दुचाकीवरून पोरीला शाळेत सोडणाऱ्या शिक्षकाला कोणत्या पक्षाचा आहेस असे विचारत नाही.

आता हंगाम संपला आहे. ट्रॉल्या गावोगावी झाडाखाली उभ्या आहेत. दसऱ्यापर्यंत वेळ आहे. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी ट्रॉली आहे, त्यांनी खंडेनवमीला तिला जरूर रंग द्यावा, हळदकुंकू वाहावे. पण जिथे लोखंडाला लोखंड टेकते तिथे रंग लावू नये, आणि फुले वाहण्याआधी एकदा पाना फिरवावा. ज्यांच्या घरी ट्रॉली नाही, त्यांनी रस्त्यात थांबलेल्या ड्रायव्हरला विचारावे, "पाव्हणं, नट बघितलं का?" तो रागावणार नाही. आम्ही त्या ड्रायव्हरला १९८८ साली एवढे विचारले असते, तर तोही रागावला नसता, असे आता वाटते.

त्या बाईची मुलगी आज चाळिशी केव्हाच ओलांडलेली असेल. ती अजून तोडीला येते की नाही, आम्हाला ठाऊक नाही. येत असेल, तर ती ज्या ट्रॉलीत बसेल तिचे नट कोणीतरी पाहिलेले असावेत, आणि त्याचे नाव वहीत असावे, एवढेच आमचे मागणे आहे.